पडणाऱ्या चेंडूच्या ऊर्जेचा हिशोब कसा मांडायचा

दीडशे ग्रॅमचा भरीव रबरी चेंडू जमिनीपासून दोन मीटर उंच धरला, की सोडण्याआधीच त्याच्या खात्यात २.९४ ज्यूल (ज्यूल हे ऊर्जेचं एकक) जमा असतात. उचलताना तुमच्या हाताने केलेलं कार्यच ते. चेंडू सुटला की उंचीमुळे असलेली स्थितिज ऊर्जा घटू लागते आणि वेगामुळे असलेली गतिज ऊर्जा तेवढीच वाढते. हे वाक्य बहुतेकांना पाठ असतं, पण मोजून पाहिलेलं नसतं. मोजायला लागतं फार थोडं: चेंडू, मेजर टेप, ग्रॅम दाखवणारा वजनकाटा आणि स्लो मोशन चित्रण करणारा फोन. हिशोब नीट मांडला तर एक-दोन टक्क्यांपर्यंत जुळतो. जिथे जुळत नाही तिथे काहीतरी कारण असतं, आणि ते शोधून काढता येतं.

आधी कागदावर

काय उत्तर यायला हवं ते चेंडू हातात घेण्याआधीच काढून ठेवा. सूत्रं दोनच आहेत:

स्थितिज ऊर्जा = वस्तुमान × गुरुत्व त्वरण × उंची
गतिज ऊर्जा = ०.५ × वस्तुमान × वेग × वेग

वस्तुमान किलोग्रॅममध्ये, उंची मीटरमध्ये आणि वेग मीटर प्रति सेकंदात घेतला की उत्तर ज्यूलमध्ये येतं. नवख्यांची सगळ्यात जास्त गडबड इथेच होते. वजनकाटा १५० दाखवतो, तो आकडा तसाच सूत्रात जातो आणि ऊर्जा हजारपट निघते. १५० ग्रॅम म्हणजे ०.१५० किलोग्रॅम. गुरुत्व त्वरण, म्हणजे पडताना दर सेकंदाला वाढणारा वेग, ९.८ धरा. विषुववृत्तावर ते ९.७८ आणि ध्रुवांवर ९.८३ असतं, पण हा फरक आपल्या मोजणीतल्या चुकीपुढे किरकोळ आहे.

उंची कुठून मोजायची हे तुम्ही ठरवायचं. जमिनीला शून्य म्हणा, टेबलाला म्हणा, खड्ड्याच्या तळाला म्हणा. हिशोबात कामाला येतो तो दोन उंचींमधला फरक, त्यामुळे शून्य कुठेही धरलं तरी वेग तोच निघतो. शून्यपातळीच्या खाली गेलेल्या वस्तूची स्थितिज ऊर्जा उणे येते, त्यात चूक काही नाही. मात्र एकदा ठरवलेलं शून्य प्रयोग संपेपर्यंत हलवू नका.

आपल्या चेंडूचा तक्ता असा होतो (हवेचा विरोध सोडून):

उंची २.० मी.: स्थितिज २.९४, गतिज ०, वेग ०, वेळ ०
उंची १.५ मी.: स्थितिज २.२१, गतिज ०.७४, वेग ३.१३, वेळ ०.३२ से.
उंची १.० मी.: स्थितिज १.४७, गतिज १.४७, वेग ४.४३, वेळ ०.४५ से.
उंची ०.५ मी.: स्थितिज ०.७४, गतिज २.२१, वेग ५.४२, वेळ ०.५५ से.
जमिनीला टेकताना: स्थितिज ०, गतिज २.९४, वेग ६.२६, वेळ ०.६४ से.

या तक्त्यावर जरा थांबा. निम्म्या उंचीवर ऊर्जा निम्मी वाटली गेली आहे, पण वेग निम्मा नाही. तो शेवटच्या वेगाच्या ७१ टक्के आहे, कारण ऊर्जा वेगाच्या वर्गावर चालते. आता वेळेचा रकाना पाहा. पहिला अर्धा मीटर पडायला एकूण वेळेतला निम्मा वेळ गेला, तर शेवटचा अर्धा मीटर सेकंदाच्या अकराव्या-बाराव्या भागात संपला. तरीही दोन्ही अर्ध्या मीटरांनी गतिज ऊर्जेत सारखीच भर घातली, ०.७३५ ज्यूलची. पडणाऱ्या वस्तूची ऊर्जा किती मीटर पडलात ते मोजते, किती सेकंद पडलात ते नाही. हे एक लक्षात आलं की बाकीचा विषय सोपा होतो.

वेगाच्या रकान्यात वस्तुमान कुठेच नाही, कारण दोन्ही सूत्रांतलं वस्तुमान एकमेकांना छेदून जातं. हवा नसेल तर दगड आणि पीस एकाच वेगाने टेकतील. १९७१ साली अपोलो १५ मोहिमेत डेव्हिड स्कॉट यांनी चंद्रावर हातोडा आणि ससाण्याचं पीस एकदम सोडून हेच कॅमेऱ्यासमोर दाखवलं.

चेंडू कोणता

इथे घाई करू नका, अर्धं यश चेंडूच्या निवडीत आहे. टेबल टेनिसचा चेंडू २.७ ग्रॅमचा असतो. दोन मीटर पडेपर्यंत त्याच्या ऊर्जेतला जवळपास पाचवा हिस्सा हवा घेते. टेनिसचा चेंडू साधारण ५८ ग्रॅमचा, त्याचे चारेक टक्के जातात. मुठीएवढा, दीडशे ग्रॅमच्या आसपासचा भरीव रबरी चेंडू घेतला तर हवेचा वाटा एखाद टक्क्यावर येतो. पहिला प्रयोग यानेच करा. हलका चेंडू बाजूला ठेवा, तो पुढे उपयोगी पडेल. रंग भिंतीहून उठून दिसणारा हवा, आणि शक्यतो एकरंगी. नक्षीदार चेंडूची कड फ्रेममध्ये धरता येत नाही.

मांडणी

कोऱ्या भिंतीशेजारी ओळंबा सोडा आणि त्याच्या रेषेत मेजर टेप चिकटवा. डोळ्यांच्या अंदाजाने सरळ लावलेली टेप बऱ्याचदा तिरकी असते. दर दहा सेंटीमीटरवर चिकटपट्टीचा ठळक तुकडा लावा, व्हिडिओत टेपवरचे बारीक आकडे वाचता येत नाहीत.

फोन तीन मीटर दूर, जमिनीपासून एक मीटर उंचीवर, ट्रायपॉडवर किंवा पुस्तकांच्या चवडीला टेकवून ठेवा. वर किंवा खाली कललेला नको. वाइड अँगल लेन्स वापरू नका, तिच्यात कडेची अंतरं ताणलेली दिसतात. आणि सगळ्यात महत्त्वाचं: चेंडू टेपच्याच प्रतलात पडायला हवा. तो टेपच्या दहा सेंटीमीटर पुढे, म्हणजे कॅमेऱ्याकडे, पडला तर तीन मीटरवरून पाहताना त्याची प्रत्येक हालचाल ३.४ टक्के मोठी दिसते. वेग तेवढाच जास्त निघतो, ऊर्जा जवळपास ७ टक्के जास्त. चेंडूने कुठूनतरी फुकटची ऊर्जा मिळवली असं वाटायला लागतं. यावर खात्रीचा उपाय म्हणजे चेंडू जिथे पडणार तिथेच मीटरपट्टी उभी धरून काही सेकंद चित्रण करायचं, मग पट्टी काढून चेंडू सोडायचा. फोन मधे अजिबात हलवायचा नाही.

उजेड भरपूर लागतो. उजेड कमी असला की फोन प्रत्येक फ्रेम जास्त वेळ उघडी ठेवतो आणि चेंडूची लांबट पट्टी उमटते. दिवसाचा प्रकाश उत्तम. विजेचे काही दिवे सेकंदाला शंभर किंवा एकशेवीस वेळा मंद-तेज होतात. डोळ्यांना ते कळत नाही, पण स्लो मोशनमध्ये एक फ्रेम उजळ आणि एक काळपट अशी येते.

फोन सेकंदाला २४० फ्रेम घेत असेल तर तेच निवडा, १२० वरही काम भागतं. याहून मोठे आकडे सांगणाऱ्या फोनांपासून सावध राहा. काही फोन मधल्या फ्रेम खऱ्या टिपत नाहीत, आजूबाजूच्या दोन फ्रेमवरून रचून भरतात. असल्या फ्रेमवर केलेली मोजणी निरुपयोगी.

सोडताना

उंची चेंडूच्या तळापासून जमिनीपर्यंत मोजा, मध्यापासून नाही. तळ टेकतो तेव्हा मध्यसुद्धा तेवढाच खाली आलेला असतो. चेंडू अंगठा आणि एका बोटात हलका धरा आणि दोन्ही एकदम बाहेरच्या बाजूला उघडा. एक बोट आधी सुटलं की चेंडू फिरतो आणि भिंतीकडे सरकतो.

सोडताना हाताचा थोडा धक्का लागतोच, त्याचं फार मनावर घेऊ नका. समजा चेंडू खाली जाताना ०.३ मीटर प्रति सेकंद वेग घेऊनच सुटला. त्यामुळे जास्तीची ऊर्जा मिळाली ०.००७ ज्यूल, २.९४ पुढे काहीच नाही. पण हाच प्रयोग स्टॉपवॉच लावून केला असता तर? पडण्याचा वेळ ०.६४ वरून ०.६१ सेकंद झाला असता, आणि त्यावरून काढलेलं गुरुत्व त्वरण १०.८ च्या घरात गेलं असतं. एकाच धक्क्याने एक पद्धत दहा टक्क्यांनी फसते आणि दुसरीला तो जाणवतही नाही. म्हणूनच नवख्यांनी वेळेपेक्षा ऊर्जेच्या वाटेने सुरुवात करावी.

पाच-सहा वेळा सोडा. त्यातले सरळ पडलेले तीन घ्या.

फ्रेम वाचणं

व्हिडिओ एकेक फ्रेम पुढे सरकवता येईल अशा प्लेअरमध्ये उघडा. चेंडूची खालची कड वाचायची ठरवली तर शेवटपर्यंत खालचीच वाचा.

समजा एक मीटर उंचीवरचा वेग हवा आहे. चेंडूचा तळ १.०० मीटरच्या खुणेवर असेल ती फ्रेम शोधा. तिथून पाच फ्रेम मागे जा आणि उंची वाचा, समजा १०९.० सेंटीमीटर. आता मधल्या फ्रेमपासून पाच पुढे जा: ९०.६. दहा फ्रेममध्ये, म्हणजे १० भागिले २४० = ०.०४१७ सेकंदात, चेंडू १८.४ सेंटीमीटर गेला. वेग झाला ०.१८४ × २४ = ४.४२ मीटर प्रति सेकंद. गतिज ऊर्जा ०.५ × ०.१५० × ४.४२ × ४.४२, म्हणजे १.४६ ज्यूल. कागदावर १.४७ होती. जुळलं.

मागे पाच आणि पुढे पाच असंच का? त्वरण स्थिर असताना एखाद्या कालखंडातला सरासरी वेग हा त्या कालखंडाच्या बरोबर मध्यावरचा प्रत्यक्ष वेग असतो. फक्त पुढच्या दहा फ्रेम घेतल्या तर मिळणारा वेग खालच्या जागेचा असतो, आणि तुम्ही तो वरच्या जागेच्या नावावर लिहून बसता. ही चूक फार जण करतात.

लागोपाठच्या दोन फ्रेमवरून वेग काढू नका. एका फ्रेममध्ये चेंडू दोन सेंटीमीटरच्या आत सरकतो, त्यात अर्धा सेंटीमीटर चुकला तर वेगाचा काही भरवसा राहत नाही. दहा फ्रेममध्येही १८.४ ऐवजी १८.९ वाचलं तर ऊर्जा १.५४ येते, साडेपाच टक्के जास्त. अंतरातली चूक पावणेतीन टक्केच होती, पण वर्ग केल्यावर ती दुप्पट झाली.

हिशोब जुळत नाही तेव्हा

उंची १.७५, १.५, १.०, ०.५ आणि ०.२ मीटर अशा पाच ठिकाणी दोन्ही ऊर्जा काढा आणि बेरीज करा. बेरीज सगळीकडे सारखी यायला हवी. नसेल तर ती कशी बिघडली आहे ते पाहा, कारण त्यातच सापडतं.

गतिज ऊर्जा सगळीकडे सारख्याच टक्क्यांनी जास्त किंवा कमी असेल तर मोजपट्टीत दोष आहे: चेंडू टेपच्या पुढे पडला, टेप तिरकी होती किंवा फ्रेमचा वेग चुकीचा धरला. चौसष्टपट कमी आली तर नक्कीच व्हिडिओ चालण्याचा वेग, सेकंदाला ३० फ्रेम, धरला गेला आहे. चित्रण २४० ने झालं होतं, वेग आठपट कमी निघाला आणि ऊर्जा आठाच्या वर्गाने. बरेच फोन क्लिपचा सुरुवातीचा आणि शेवटचा भाग साध्या वेगाने दाखवतात, तो भाग मोजणीत घेऊ नका.

तूट खाली येता येता वाढत गेली तर ती हवेने घेतलेली ऊर्जा आहे, आणि तुमचं मोजमाप बरोबर आहे. इथे बाजूला ठेवलेला टेबल टेनिसचा चेंडू काढा. त्याचा वेग जमिनीजवळ ६.२६ ऐवजी साडेपाचच्या आसपास येईल. तो कितीही उंचावरून सोडला तरी सेकंदाला साधारण साडेआठ-नऊ मीटरच्या पुढे जात नाही. त्या वेगाला हवेचा विरोध आणि वजन सारखं होतं, आणि त्यानंतर गेलेली सगळी स्थितिज ऊर्जा हवा ढवळण्यात आणि तापवण्यात जाते.

आकडे वर-खाली उड्या मारत असतील तर ती वाचण्यातली चूक. पुन्हा वाचा.

उसळी

चेंडू टेकल्यानंतरचा हिशोब आणखी सोपा, कारण वेग मोजायचाच नाही. वर चढताना चेंडू जिथे क्षणभर थांबतो तिथे गतिज ऊर्जा शून्य असते. म्हणून उसळीची उंची भागिले सोडण्याची उंची हीच शिल्लक ऊर्जेची टक्केवारी. दोन मीटरवरून सोडलेला चेंडू १.१० मीटर उसळला तर ५५ टक्के उरले, १.३२ ज्यूल गेले. टेनिसच्या नियमांत हीच कसोटी आहे: नेहमीचा चेंडू २५४ सेंटीमीटरवरून काँक्रीटवर टाकला की १३५ ते १४७ सेंटीमीटर उसळला पाहिजे, म्हणजे ५३ ते ५८ टक्के.

गेलेली ऊर्जा मुख्यतः रबर दबताना आणि परत फुलताना त्यातच उष्णता होऊन राहते. आवाजाचा वाटा अगदी नगण्य. चेंडू हाताला गरम लागणार नाही. एक किलो रबर एक अंशाने तापवायला सुमारे २००० ज्यूल लागतात, त्या मानाने आपला चेंडू एका उसळीत अंशाच्या दोनशेव्या भागाइतकाच तापतो. पाण्याचंही असंच आहे: ते ४२७ मीटर खाली पडून त्याची सगळी ऊर्जा त्यातच उष्णता झाली, तर तापमान जेमतेम १ अंशाने वाढतं. जेम्स ज्यूल यांनी पडणाऱ्या वजनांनी पाण्यात वल्ही फिरवून हेच नातं मोजलं, आणि ऊर्जेच्या एककाला त्यांचं नाव मिळालं.

आदळण्याचं बळ

‘दोन मीटरवरून पडलेला चेंडू किती किलोने आदळतो?’ या प्रश्नाला असं उत्तर नाही. ऊर्जा ठरलेली असते, बळ मात्र थांबायला किती अंतर मिळालं त्यावर ठरतं. ऊर्जा भागिले थांबण्याचं अंतर म्हणजे सरासरी बळ. २.९४ ज्यूल एका सेंटीमीटरमध्ये जिरवले तर सुमारे २९४ न्यूटन (न्यूटन हे बळाचं एकक), चेंडूच्या वजनाच्या दोनशेपट. वाळूत तीन सेंटीमीटर रुतला तर त्याचा तिसरा हिस्सा. उडी मारून खाली येताना गुडघे वाकवतात ते यासाठीच, आणि हेल्मेटच्या आतला फोम दबण्यासाठीच असतो.

वस्तू गच्चीवरून किंवा खिडकीतून टाकून पाहू नका. दोन किलोची कुंडी नऊ मीटरवरून पडली तर १७६ ज्यूल घेऊन ताशी ४८ किलोमीटरने येते, आणि डोक्याला थांबायला मिलिमीटरच मिळतात.

ऊर्जा डोळ्यांनी पाहायची असेल तर मऊ मळलेल्या मातीत जड गोळी टाका. अठराव्या शतकात डच शास्त्रज्ञ ग्राव्हेसांदे यांनी पितळी गोळे मातीत टाकून दाखवलं, की वेग दुप्पट झाला तर खड्डा दुप्पट नव्हे, चौपट खोल होतो. फ्रान्समध्ये एमिली द्यु शातले यांनी १७४० साली याच पुराव्याच्या आधारे ऊर्जा वेगाच्या वर्गावर चालते ही बाजू मांडली. तुम्ही करताना गोळी २५, ५० आणि १०० सेंटीमीटरवरून, दर वेळी नव्याने सपाट केलेल्या मातीत टाका. कोरड्या वाळूतल्या खड्ड्याचा व्यास मात्र मोजू नका. तो ऊर्जेच्या चौथ्या मुळाने वाढतो. उंची दुप्पट केली तरी व्यास १९ टक्केच वाढतो, आणि प्रयोग फसला असं वाटतं.

उतार आला की

सरळ पडण्याऐवजी उतारावरून गडगडणारा चेंडू घेतला तर वेग कमी भरतो, आणि बहुतेक जण सगळा दोष घर्षणावर टाकतात. खरं कारण फिरकी आहे. न घसरता गडगडणारा भरीव गोळा ऊर्जेचे सात वाटे करतो: पाच पुढे जायला, दोन स्वतःभोवती फिरायला. वेग सरळ पडण्यापेक्षा १५ टक्के कमी येतो, उतार कितीही गुळगुळीत केला तरी. दोन कडांच्या पन्हाळीत सोडला तर फिरकीचा वाटा आणखी वाढतो, म्हणून सपाट फळी वापरा. पातळ कडं निम्मी ऊर्जा फिरण्यातच घालवतं. फळीच्या माथ्यावरून गोळा आणि कडं एकदम सोडा: वस्तुमान काहीही असो, दोन्ही लहान असोत की मोठे, गोळा आधी पोहोचतो.